दोन हिरवे चहा

मुरबाडला विज्ञान शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. दुपारचे जेवण झाले होते आणि पुढचे सत्र सुरू व्हायला अवकाश होता. तेवढ्यात एका शिक्षिकेने पिशवीतून एक चकचकीत खोका काढून माझ्यासमोर ठेवला. खोक्यावर दोन पाने आणि एका कळीचे चित्र, वर ‘ग्रीन टी’ अशी अक्षरे.

‘‘मॅडम, तुम्ही रसायनशास्त्राच्या ना? मग हा हिरवा चहा प्यायचा कसा ते सांगा. दहा मिनिटे उकळला, दूध घातले, साखर घातली. कडू तो कडूच. आमच्या ह्यांनी तर सरळ मोरीत ओतला.’’

शिबिराच्या स्वयंपाकाला असलेल्या मावशी भांडी आवरत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘हिरवा चहा ना? त्याला खोका कशाला? तो तर आमच्या मोरीमागेच लावलाय.’’ आणि खरोखरच थोड्या वेळाने त्या घरून हिरव्या पातीची एक जुडी घेऊन आल्या.

एकीचा हिरवा चहा मोरीत गेला होता आणि दुसरीचा मोरीमागे उगवत होता! शिबिराचे पुढचे सत्र पाण्याच्या कठीणपणावर होते. ते बाजूला राहिले आणि दुपारभर आम्ही या दोन चहांमध्येच रमलो. त्या दुपारी जे केले ते तुम्हालाही वर्गात करता येईल, म्हणून हा लेख. आणखी एक कारण आहे, ते पुढे येईलच. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

मावशींची पात

मावशींचा हिरवा चहा म्हणजे गवती चहा. ठाणे-मुंबईच्या बाजारात पुदिना आणि आल्याच्या शेजारी याच्या जुड्या ‘हिरवा चहा’ म्हणूनच विकल्या जातात. याचे शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन सिट्रेटस. खऱ्या चहाशी याचे काही नाते नाही. हे गवत आहे. भात, नाचणी, ज्वारी यांच्या कुळातले. पात हातात घेऊन पाहा. शिरा समांतर आहेत. कडेवरून बोट उलट दिशेने फिरवले तर कापते, कारण गवताच्या पात्यांच्या कडा बारीक दातेरी असतात आणि त्यांत सिलिका असते. पावसाळ्यात भाताच्या खाचरात काम करणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. ही वनस्पती आपल्याकडे सहसा फुलत नाही, बीही धरत नाही. ठोंब उपटायचा, त्याचे फुटवे वेगळे करायचे आणि लावायचे. त्यामुळे मावशींच्या मोरीमागचा ठोंब आणि त्यांच्या शेजारणीचा ठोंब बहुधा एकाच आजीच्या ठोंबाचे तुकडे असणार.

पात चुरगळली की लिंबासारखा वास येतो. तो सिट्राल या पदार्थाचा. गवती चहाच्या तेलात मोठा वाटा सिट्रालचाच असतो, आणि लिंबाच्या सालीतही तो थोडा असतो. तेव्हा ‘लिंबासारखा वास’ ही नुसती उपमा नाही, रेणू तोच आहे. हे तेल पाण्यात फारसे विरघळत नाही, पण वाफेबरोबर मात्र सहज उडून जाते. घरभर गवती चहाचा घमघमाट सुटला म्हणजे चहा छान झाला असे आपण समजतो. खरे तर जितका वास घरभर, तितका तो कपातून कमी झालेला!

मावशींनी दोन भांड्यांत सारखी पात कापून घातली. एक भांडे उघडे उकळत ठेवले. दुसऱ्यातले पाणी उकळल्यावर गॅस बंद केला, मग पात घातली आणि वर ताटली झाकून ताटलीत गार पाणी ओतले. पाच मिनिटांनी ताटली उचलून तिच्या आतल्या बाजूचे थेंब सर्वांना हुंगायला दिले. ‘‘पाण्यालाच वास!’’ एक गुरुजी म्हणाले. हेच ऊर्ध्वपातन. गवती चहाचे, रोशाचे तेल काढतात ते याच तत्त्वावर, फक्त भांडी मोठी असतात. नववीच्या वर्गात आकृती काढून शिकवण्यापेक्षा हे सोपे आहे आणि याला वासही आहे.

गवती चहात कॅफीन नसते. त्यामुळे तरतरी येते ती ऊबेची आणि वासाची. आपण सहसा तो नुसता करत नाही, चहा पावडरीबरोबर टाकतो, त्यामुळे कॅफीन तिकडून मिळते.

खोक्यातला चहा

आता खोक्यातला हिरवा चहा. ही कुठली वेगळी वनस्पती नाही. आपल्या डब्यातली काळी पावडर ज्या झुडपाच्या पानांची, त्याच कॅमेलिया सायनेन्सिसच्या पानांचा हा चहा. हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण युरोपातल्या लोकांना कित्येक वर्षे ते ठाऊक नव्हते. खुद्द लिनियसने १७६२ साली काळ्या चहाच्या झाडाला ‘थिआ बोहिआ’ आणि हिरव्या चहाच्या झाडाला ‘थिआ विरिडिस’ अशी दोन वेगळी नावे दिली होती. वनस्पतींना नावे देण्याची पद्धत ज्याने घालून दिली त्याचीच ही चूक, म्हणून मला ती सांगायला आवडते. पुढे १८४०च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिज्ञ चीनमध्ये हिंडला. एकाच झाडाच्या पानांपासून दोन्ही चहा करता येतात हे त्याने बागांमध्ये जाऊन पाहिले आणि लिहिले. झाड एकच, फरक आहे तो तोडल्यानंतर पानाचे काय करतात यात.

ते काय करतात हे समजण्यासाठी आम्ही स्वयंपाकघरातून एक वांगे मागून घेतले. त्याचे पातळ काप केले. काही तसेच ताटलीत ठेवले, काही खळखळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढले, काहींना लिंबू चोळले. अर्ध्या तासात तसेच ठेवलेले काप तपकिरी झाले. उकळत्या पाण्यातून काढलेले मऊ पडले, जरा पिवळटले, पण तसे तपकिरी झाले नाहीत. लिंबू लावलेलेही बरेच पांढरे राहिले. वांगी चिरून पाण्यात टाकायची असतात हे प्रत्येक घरी माहीत असते. का टाकायची, हे त्या दिवशी पाहिले.

वांग्याच्या पेशींमध्ये पॉलिफिनॉल नावाच्या गटातले पदार्थ असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे एक विकर असते. अखंड पेशीत ही दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. सुरी फिरली की भिंती मोडतात, दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि विकराच्या मदतीने पॉलिफिनॉलचे तपकिरी पदार्थ होतात. विकर हे प्रथिन आहे. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक जसा बदलतो तसे तेही बदलते आणि निकामी होते. आम्लात त्याचे काम मंदावते.

चहाच्या पानात नेमके हेच. कोवळ्या पानाच्या वाळलेल्या वजनाचा जवळजवळ चौथा ते तिसरा हिस्सा पॉलिफिनॉलचा असतो. त्यात मुख्य कॅटेचिन गटातली. काळा चहा करताना पाने मुद्दाम चिरडतात. आपली नेहमीची दाणेदार पावडर ‘सी.टी.सी.’ पद्धतीची असते. म्हणजे पाने दातेरी रुळांमधून काढून इतकी चेंदतात की विकर आणि कॅटेचिन यांची गाठ पडायची राहतच नाही. मग कॅटेचिनची थिआफ्लेविन व थिआरुबिजिन ही लालसर-तपकिरी संयुगे होतात. आपल्या चहाचा तो ओळखीचा रंग या संयुगांचा. हिरव्या चहाची पाने मात्र तोडल्यावर लवकरच तापवतात. चीनमध्ये बहुतेक करून कढईत परतून, जपानमध्ये वाफ देऊन. विकर तिथेच निकामी होते आणि कॅटेचिन जशीच्या तशी राहतात. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातल्या कांगड्याला जुन्या काळापासून हिरवा चहा होतो.

या कॅटेचिनचा शोध कुणी लावला तेही तुमच्या वर्गातल्या मुलींना जरूर सांगा. मिचियो त्सुजिमुरा ही जपानी बाई. जन्म १८८८. होक्काइदोच्या विद्यापीठात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून १९२०मध्ये तिने तिथल्या प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून काम सुरू केले. पुढे हिरव्या चहात क जीवनसत्त्व असते हे तिने एका सहकाऱ्याबरोबर दाखवले, आणि १९२९ साली चहातून कॅटेचिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. १९३२मध्ये तिला कृषिशास्त्राची डॉक्टरेट मिळाली. जपानमध्ये ती मिळवणारी ती पहिली स्त्री.

आधण आले की थांबा

कॅटेचिन तुरट आणि कडू असतात. तुरट हा शब्द आपल्या भाषेत फार चांगला आहे. आपण त्याला कडू, गोड यांच्या रांगेत बसवतो. शास्त्रज्ञ म्हणतात की तो जिभेच्या चवीपेक्षा स्पर्शाचा प्रकार आहे. कॅटेचिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, त्यांचा साका होतो, तोंडाचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी, खरखरीत वाटते. जांभळे जास्त खाल्ली, कच्चे केळे चाखले, हिरडा चघळला की हेच होते. चहात दूध घातले तर कॅटेचिन दुधातल्या प्रथिनाला चिकटतात आणि लाळेच्या वाट्याला कमी येतात. दुधाचा चहा मऊ लागतो तो त्यामुळे.

आता त्या शिक्षिकेचा प्रश्न. चहाच्या पानातून कॅटेचिन, विशेषतः त्यातले सर्वांत कडू, आणि कॅफीन हे दोन्ही गरम पाण्यात भराभर उतरतात. पाणी जितके गरम आणि वेळ जितका जास्त, तितका चहा कडू. पण पानात आणखी एक पदार्थ असतो, थिआनिन. हे एक अमिनो आम्ल आहे. जपानी संशोधकांनी १९५०च्या सुमारास ते चहातून वेगळे काढले. त्याची चव गोडसर, जराशी डाळीच्या वरच्या पाण्यासारखी. थिआनिन कमी गरम पाण्यातही चांगले उतरते. तेव्हा हिरवा चहा करण्याची सगळी युक्ती एवढीच, की थिआनिन येऊ द्यायचे आणि कॅटेचिनना थोडे मागे ठेवायचे. काळ्या चहात कॅटेचिन बरीचशी बदलून गेलेली असतात, म्हणून तो उकळला तरी चालतो. आपण ती उकळण्याची सवय हिरव्या चहाला लावतो आणि मग मोरी जवळ करतो.

संशोधनाच्या निमित्ताने मी वर्षभर जपानमध्ये होते. तिथे काही घरी चहाच्या सामानात एक रुंद तोंडाचे, चोच असलेले भांडे पाहिले. त्याचे काम एकच, उकळते पाणी त्यात ओतून जरा निवू द्यायचे. चीनमध्ये आठव्या शतकात लु यू याने चहावर पुस्तक लिहिले. त्यात पाण्याच्या बुडबुड्यांवरून तापमान ओळखायला सांगितले आहे. आधी माशाच्या डोळ्यांसारखे, मग कडेने मोत्यांच्या सरींसारखे, मग लाटा. आपल्याकडे आधण येणे, कढ येणे, खळखळ उकळणे असे शब्द आहेतच. शाळेत तर तापमापी असते.

तापमापी नसली तर गणित आहे. तीन वाट्या उकळते पाणी, एक वाटी साधे. साध्या पाण्याचे तापमान २८ अंश सेल्सिअस धरू. मिश्रणाचे किती होईल? तीन वेळा १०० अधिक २८, भागिले ४. म्हणजे ८२. शिबिरात प्रत्यक्ष ७७ आले. लगेच वाद सुरू झाला की पाच अंश गेले कुठे? स्टीलचे भांडे गार होते, वाटीतून ओतताना वाफ गेली, आणि आमची वाटीही दर वेळी नेमकी सारखी भरत नव्हती. उष्णता विनिमयाच्या धड्याला याहून चांगले उदाहरण मला तरी सुचत नाही. ७० ते ८० अंशांच्या मध्ये कुठेही चालेल.

मग आम्ही तीन पेले केले. प्रत्येकात कपभर पाण्याला चहाचा चमचाभर पाने, म्हणजे साधारण दोन ग्रॅम. पहिला पाच मिनिटे उकळलेला. दुसऱ्यात उकळते पाणी ओतून दोन मिनिटे ठेवून गाळलेला. तिसऱ्यात निवलेले पाणी ओतून दोन मिनिटांनी गाळलेला. कुठला पेला कोणता हे न सांगता सगळ्यांना घोट घोट दिला. पहिल्याला सर्वांची तोंडे वाकडी. तिसऱ्याला बहुतेकांनी ‘हा पिता येईल’ म्हटले. एक गुरुजी मात्र म्हणाले, ‘‘हे गरम पाणीच आहे, चहा कुठाय?’’ त्यांचेही चूक नाही. आयुष्यभर कडक गोड चहा प्यायलेल्या जिभेला हा चहा चार-आठ दिवस पाणीच वाटतो. साखर न घालता आठवडाभर प्यावा आणि मग ठरवावे. पाने फेकू नयेत. दुसऱ्यांदा पाणी ओतले तरी चांगला उतरतो, फक्त दुसरे पाणी जरा जास्त गरम घ्यावे. खोक्यात कागदी पिशव्या असतील तर पिशवीतला चुरा बारीक असतो. तो लवकर उतरतो, म्हणून एका मिनिटातच चाखून पाहावा. उन्हाळ्यात तर गार पाण्यातच पाने टाकून चार-पाच तास ठेवावीत. हा चहा सर्वांत कमी कडू.

पाण्याचाही फरक पडतो. भातसा-तानसाच्या धरणांचे पाणी सहसा मऊ असते, बोअरवेलचे बहुधा कठीण. चहावर तरंगणारी तेलकट साय पुष्कळांनी पाहिली असेल. ती कठीण पाण्यातल्या कॅल्शियममुळे येते हे १९९३ साली लंडनच्या स्पायरो आणि जगन्यी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले. आमचे राहिलेले सत्र असे चहातूनच थोडेसे पुरे झाले. (उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो आणि धरणाचे पाणी मुंबईला जाते. तिथे मऊ की कठीण हा प्रश्नच येत नाही, हे एका शिक्षकाने बोलून दाखवले. मला उत्तर देता आले नाही.)

‘‘पण याने वजन कमी होते ना?’’ हा प्रश्न येणारच होता. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने तोवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या. हिरव्या चहाच्या अर्कांनी वजनात होणारी घट इतकी किरकोळ होती की तिला आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कपातला चहा सुखाने प्यावा. त्याच्या अर्काच्या गोळ्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. मोठ्या मात्रेत त्या यकृताला त्रास देऊ शकतात असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये दिला आहे.

सोमवारची गोळी

आता माझी चूक. आदल्या वर्षी शहापूरला शिक्षकांसमोर बोलताना मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते, की दुधासाखरेच्या चहापेक्षा हिरवा चहा बरा, जेवण झाले की एक कप घ्यावा. मला तेव्हा साखर आणि कॅटेचिन दिसत होती. समोर बसलेल्यांमध्ये निम्म्या स्त्रिया होत्या, हे दिसले नव्हते.

मुरबाडच्या शिबिराला त्यांतली एक शिक्षिका आली होती. तीन पेल्यांचा खेळ संपल्यावर तिने विचारले, ‘‘मॅडम, आमच्याकडे सोमवारी मुलींना लोहाची निळी गोळी देतात. मुली गोळीने मळमळते म्हणतात, म्हणून आम्ही नाश्त्याच्या कोऱ्या चहाबरोबर देतो. हिरवा दिला तर जास्त चांगले का?’’

शब्दांनी उत्तर देण्याऐवजी मी तिच्याकडून मुदत संपलेली एक गोळी मागून घेतली. वरचे निळे आवरण ओल्या फडक्याने पुसून काढले, गोळी कुटून अर्धा पेला पाण्यात ढवळली आणि गाळून घेतली. (गोळी नसेल तर प्रयोगशाळेतली चिमूटभर हिराकस चालेल. गोळीतही बहुधा तेच लोहाचे सल्फेट असते. हे कुणी चाखायचे नाही.) मग तीन पेले: कोरा चहा, हिरवा चहा, आणि मावशींच्या नुसत्या पातीचा काढा. प्रत्येकात गोळीचे पाणी दोन-दोन चमचे.

कोरा चहा काळाकुट्ट झाला. पिवळसर हिरवा चहा बघता बघता जांभळट काळा झाला. पातीचा काढा जरा मळकट दिसला इतकेच. वर्गात कुणी काही बोलेना. मग मागून एक गुरुजी म्हणाले, ‘‘ही तर शाई!’’

शाईच ती. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून पूर्वी शाई करत, तिचेच हे भावंड. टॅनिन असो की कॅटेचिन, त्यांचे रेणू लोहाला धरून ठेवतात. आतड्यात जे लोह असे बांधले गेले ते रक्तात शोषले जात नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९७५ साली हे माणसांवर मोजून दाखवले. बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत २००८मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आपल्याच तरुण मुलींवरचा आणि भाताच्या जेवणावरचा आहे. जेवणाबरोबर एक कप चहा घेतला तर लोहाचे शोषण साधारण निम्म्यावर आले, दोन कपांनी ते एक तृतीयांशावर आले. ज्या मुलींना रक्तक्षय होता त्यांच्यातही हीच घट झाली. दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही. दुधामुळे जीभ वाचते, लोह वाचत नाही.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आहे असे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६च्या सर्वेक्षणात ४८ टक्के होते. याची कारणे पुष्कळ आहेत: अपुरे अन्न, जंत, लागोपाठची बाळंतपणे. सगळा दोष चहावर टाकणे चुकीचे ठरेल. पण भात, नाचणी, डाळ, भाजी यांतले लोह मुळातच थोडे शोषले जाते. मासळी-मटणातले लोह वेगळ्या रूपात असते, त्याला चहा फारसा अडवत नाही. ज्या घरात सुकट-बोंबीलही रोज नसतात, तिथे सकाळची भाकरी कोऱ्या चहात बुडवून खाणाऱ्या मुलीचे नुकसान जास्त. आणि हिरव्या चहात कॅटेचिन न बदललेली असतात. तेव्हा तो या बाबतीत काळ्यापेक्षा बरा असण्याचे काही कारण नाही.

‘‘म्हणजे आमची पातच बरी,’’ मावशी म्हणाल्या. त्यांचा पेला काळा झाला नव्हता. इथे मला पुन्हा घाई करायची नव्हती. रंग न येणे म्हणजे लोह मोकळे राहणे असे नाही. १९९९ साली स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने निरनिराळ्या पाल्यांचे चहा तपासले, तेव्हा पुदिन्याच्या चहानेही लोहाचे शोषण जवळजवळ काळ्या चहाइतकेच घटलेले दिसले. पेल्यातला रंग आपल्याला शंका घ्यायला शिकवतो, शोषण मोजायला वेगळे प्रयोग लागतात. म्हणून गोळीच्या वेळी कुठलाच चहा नको, ना काळा, ना हिरवा, ना पातीचा. गोळी उपाशीपोटी दिली तर मळमळते हे मुलींचे म्हणणे खरे आहे. ती जेवणानंतर साध्या पाण्याबरोबर द्यावी. जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा असला तर उत्तम. बंगळूरच्या अभ्यासात क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण कितीतरी पटींनी वाढले होते.

चहा सोडायला मी कुणाला सांगितले नाही. सांगून कुणी सोडला नसता, आणि मीही सोडलेला नाही. फक्त वेळ बदलायची. २०१७ साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने लोहाचे शोषण ३७ टक्क्यांनी घटले, तर जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या चहाने १८ टक्क्यांनी. एक तास एवढाच फरक, आणि नुकसान निम्मे. आता मी दुपारचा हिरवा चहा साडेतीनला घेते.

महिन्याभराने शहापूरच्या त्या शिक्षिकेचे पत्र आले. गोळी आता दुपारच्या जेवणानंतर देतात. मुलींना कारण सांगून पटेना, तेव्हा तिने सगळ्यांसमोर पेल्यात गोळी विरघळवून शाई करून दाखवली. मुलींनी ती शाई फेकू दिली नाही. बोरूने फळ्याशेजारच्या भिंतीवर कागद लावून त्यावर लिहिले, ‘गोळीनंतर एक तास चहा नाही’. कागदाचा एक तुकडा तिने पत्रासोबत पाठवला होता. अक्षरे काळी होती, कडेला जराशी तपकिरी.